कॉकपिटमधील वकील

इ. स. १७७४ च्या जानेवारीची २९ तारीख. लंडन शहराच्या व्हाइटहॉल भागांत कॉकपिट नांवाच्या जागीं इंग्लंडच्या राजाच्या प्रिव्ही कौन्सिलची बैठक भरली होती. कॉकपिट म्हणजे कोंबड्यांच्या झुंजीची जागा. आठव्या हेन्री राजानें ती आपल्या करमणुकीसाठीं बांधविली होती; पुढें झुंजी बंद पडल्या, तेथें सरकारी कचेऱ्या आल्या, पण नांव तेंच राहिलें. त्या दिवशीं जुन्या नांवाला साजेल असाच प्रकार तेथें घडावयाचा होता. एरवीं वसाहतींच्या अर्जांची सुनावणी म्हटली कीं कौन्सिलचे फारसे सभासद फिरकत नसत. त्या दिवशीं तिसांहून अधिक सरदार व मंत्री हौसेनें येऊन बसले होते. प्रेक्षकांची एवढी दाटी झाली होती कीं उभे राहावयास जागा मिळणें कठीण पडलें. आणि या सर्वांच्या नजरा एका वृद्धावर खिळल्या होत्या. वय अडुसष्ट, अंगांत नक्षीदार मँचेस्टर मखमलीचा पोशाख, चेहरा शांत. त्याचें नांव बेंजामिन फ्रँकलिन. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा तो वकील होता.

वकील हा शब्द येथें आजच्या अर्थानें घ्यावयाचा नाहीं. पेशवाईंत तो ज्या अर्थानें चालत होता त्या अर्थानें घ्यावयाचा आहे. दिल्लीच्या दरबारीं हिंगणे, निजामाच्या दरबारीं गोविंदराव काळे असे पुण्याचे वकील राहात. धन्याचें म्हणणें परक्या दरबारांत मांडणें, तेथील वारा कोणत्या दिशेनें वाहतो तें लिहून कळविणें आणि तुटण्याची वेळ आली तरी बोलणें तुटूं न देणें हें त्यांचें काम असे. अमेरिकन वसाहतींचे लंडनमधील वकील हेंच काम करीत. अंतर मोठें होतें. शिडाच्या जहाजाला अटलांटिक महासागर ओलांडण्यास पांचसहा आठवडे, कधीं त्याहूनहि अधिक काळ लागे. पार्लमेंटांत वसाहतींचा एकहि प्रतिनिधि बसत नव्हता. अशा स्थितींत राजा आणि प्रजा यांच्यामध्यें वकील हाच काय तो दुवा होता. मात्र हिंगणे किंवा काळे यांच्यामागें फौजा उभ्या होत्या. फ्रँकलिनच्या मागें उभे होते ते कागदाचे अर्ज.

हा माणूस मुळांत छापखानेवाला. इ. स. १७०६ सालीं बोस्टन येथें एका मेणबत्त्या व साबण करणाऱ्याच्या घरीं त्याचा जन्म झाला. शाळेंत तो जेमतेम दोन वर्षें गेला. पुढें फिलाडेल्फियास येऊन त्यानें छापखाना काढला, वर्तमानपत्र चालविलें, पंचांगें छापलीं आणि पैसा मिळविला. आकाशांतील वीज व यंत्रानें निर्माण होणारी वीज या एकच होत हें त्यानें सिद्ध केलें, त्याबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीनें इ. स. १७५३ सालीं त्याला कोप्ले पदक दिलें. त्याच वर्षीं अमेरिकेंतील टपालखात्याच्या मुख्य अधिकाऱ्याची जागा त्याला राजाच्या सरकाराकडून मिळाली. त्याचा मुलगा विल्यम हा न्यू जर्सी वसाहतीचा गव्हर्नर झाला, तोहि राजाच्याच नेमणुकीनें. अर्थात् फ्रँकलिन हा कांहीं जन्मजात बंडखोर नव्हता. लंडनमध्यें क्रेव्हन स्ट्रीटवरील एका विधवेच्या घरीं तो पंधरा वर्षांहून अधिक काळ राहिला. तेथील विद्वानांत त्याचे जिवलग मित्र होते. ब्रिटिश साम्राज्य अभंग राहावें असें त्याला मनापासून वाटे, आणि त्यासाठींच त्याची सारी खटपट चालली होती.

तंट्याचें मूळ पैशांत होतें. फ्रान्सशीं झालेलें सात वर्षांचें युद्ध इ. स. १७६३ सालीं संपलें, तेव्हां इंग्लंड जिंकलें होतें खरें, परंतु कर्जानें वाकलें होतें. अमेरिकेच्या रक्षणासाठीं खर्च झाला, तेव्हां अमेरिकेनेंहि कांहीं भार उचलावा, असें तेथील मंत्र्यांना वाटणें अस्वाभाविक नव्हतें. इ. स. १७६५ सालीं पार्लमेंटनें स्टँप ॲक्ट केला. दस्तऐवज, वर्तमानपत्र, पंचांग, फार काय पण खेळावयाचे पत्ते, यांवर सरकारी छाप असलाच पाहिजे आणि त्या छापाचा कर भरलाच पाहिजे असें ठरलें. वसाहतींत एकच कल्लोळ उडाला. जेथें आमचा प्रतिनिधि नाहीं तेथें आमच्यावर कर बसविण्याचा अधिकार नाहीं, हें इंग्रजांचेंच जुनें सूत्र अमेरिकनांनीं इंग्रजांपुढें धरलें.

फेब्रुवारी १७६६ मध्यें फ्रँकलिनला कॉमन्स सभेपुढें साक्षीस बोलाविण्यांत आलें. त्याला एकशें चौऱ्याहत्तर प्रश्न विचारले गेले. कांहीं मित्रांनीं विचारलेले, कांहीं शत्रूंनीं. त्यानें एकाहि प्रश्नाला रागानें उत्तर दिलें नाहीं. सैन्य पाठवून कर वसूल करतां येईल काय, असें विचारतां त्यानें सांगितलें कीं सैन्याला तेथें बंड सांपडणार नाहीं, पण तें गेलें तर बंड उत्पन्न मात्र करील. पूर्वीं अमेरिकनांना इंग्लंडांतील कापड वापरण्यांत भूषण वाटे; आतां जुने कपडेच पुन्हा वापरण्यांत त्यांना भूषण वाटतें, असें त्यानें शेवटीं सांगितलें. व्यापाऱ्यांनीं खरेदी थांबविली होती, इंग्लंडांतील कारखानदारांचें नुकसान होत होतें, त्यांत ही साक्ष पडली. पुढल्याच महिन्यांत तो कायदा रद्द झाला. बोलण्यानें काम होतें असा फ्रँकलिनचा विश्वास त्या दिवसापासून दृढ झाला. परंतु कायदा रद्द करतांनाच पार्लमेंटनें दुसरा ठराव कायद्याच्या रूपानें करून ठेवला होता: वसाहतींना सर्व बाबतींत बांधणारे कायदे करण्याचा आपला अधिकार अबाधित आहे. एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें राखून ठेवलें होतें.

त्याचें फळ लवकरच दिसलें. इ. स. १७६७ सालीं कांच, शिसें, रंग, कागद व चहा यांवर वसाहतींत जकात बसली. पुन्हा बहिष्कार, पुन्हा दंगे. बोस्टन शहरांत गोऱ्या पलटणी उतरल्या आणि ५ मार्च १७७० रोजीं गोळीबार होऊन पांच माणसें मरण पावलीं. त्याच वर्षीं इतर जकाती उठल्या. चहावरील पौंडामागें तीन पेन्सांची जकात तेवढी, अधिकाराची खूण म्हणून, ठेवण्यांत आली.

अशा वेळीं मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधिसभेनें फ्रँकलिनला आपला वकील नेमलें. जानेवारी १७७१ मध्यें नेमणुकीचा कागद घेऊन तो वसाहतमंत्री लॉर्ड हिल्सबरो याच्याकडे गेला. हिल्सबरोनें तो कागद उघडूनहि पाहण्याचें नाकारलें. गव्हर्नरची संमति असल्यावांचून नुसत्या प्रतिनिधिसभेनें नेमलेला माणूस वकील होऊं शकत नाहीं, असें त्याचें म्हणणें. फ्रँकलिननें उत्तर केलें कीं वकील हा लोकांचें काम करण्यासाठीं असतो, गव्हर्नरचें नव्हे. त्याच्या नेमणुकीस गव्हर्नरची संमति कशाला हवी? वाद वाढला आणि फ्रँकलिन आपला कागद परत घेऊन बाहेर पडला. वरवर पाहतां ही एका दुपारची चकमक. पण सगळ्या तंट्याचें बीज तीत होतें. लोकांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार कोणाला? लोकांनीं निवडलेल्याला, कीं राज्यकर्त्यानें मान्य केलेल्याला? जी सत्ता आपल्याविरुद्धच्या तक्रारीचा वकीलहि आपणच पसंत करूं पाहते, तिच्यापुढें तक्रार करणें हें भिंतीशीं बोलण्यासारखेंच होय.

पुढल्या वर्षीं हिल्सबरो गेला व लॉर्ड डार्टमथ आला. तो सौम्य व सज्जन होता. फ्रँकलिनची आशा पुन्हा पालवली. त्याच सुमारास, इ. स. १७७२ च्या अखेरीस, त्याच्या हातीं पत्रांचा एक गठ्ठा आला. तीं पत्रें कोणी दिलीं हें त्यानें मरेपर्यंत सांगितलें नाहीं आणि इतिहासालाहि तें आजतागायत उलगडलेलें नाहीं. पत्रें मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर टॉमस हचिन्सन, त्याचा सहकारी अँड्र्यू ऑलिव्हर आणि इतर कांहीं जणांनीं इ. स. १७६७ ते १७६९ या काळांत लिहिलेलीं होतीं. जिला लिहिलीं ती व्यक्ति म्हणजे टॉमस व्हेटली, पार्लमेंटचा सभासद. स्टँप ॲक्टचा मसुदा करण्यांत त्याचा हात होता. तो नुकताच वारला होता.

हचिन्सन हा परदेशांतून आलेला अधिकारी नव्हे. त्याचें घराणें पिढ्यान्‌पिढ्या बोस्टनचें. तो विद्वान होता. आपल्या वसाहतीचा इतिहास त्यानें परिश्रमपूर्वक लिहिला होता. स्टँप ॲक्ट व्हावा असें त्याचें मत नव्हतें. तरीहि ऑगस्ट १७६५ मध्यें जमावानें त्याचें घर फोडलें, सामान लुटलें आणि इतिहासाचे हस्तलिखित कागद रस्त्यावरील चिखलांत फेंकून दिले. त्या रात्रीनंतर त्याला जमावाची धास्ती बसली. वसाहत इंग्लंडपासून तुटली तर तिचा सर्वनाश होईल अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. आणि तें टाळावयाचें तर ज्याला इंग्रजी स्वातंत्र्य म्हणतात त्यांत वसाहतीपुरती कांहीं काटछाट झालीच पाहिजे, असें त्यानें त्या पत्रांत लिहिलें होतें. ऑलिव्हरनें तर सरकारी अधिकारी लोकसभेच्या मिंधेपणांतून सोडवावे असें सुचविलें होतें.

फ्रँकलिनला ही पत्रें वाचून एक नवाच प्रकाश दिसला. आजवर त्याला वाटे कीं हा सारा जुलूम लंडनमधील मंत्र्यांच्या मनांतून निघाला. आतां त्याला कळलें कीं मंत्र्यांचे कान भरणारे खुद्द बोस्टनचेच आहेत. ही गोष्ट बोस्टनच्या पुढाऱ्यांना कळली तर त्यांचा इंग्लंडवरील राग निवळेल, दोष त्या दोघातिघांवर जाईल आणि राजा व प्रजा यांचें पुन्हा सूत जुळेल, असा त्याचा हिशेब. डिसेंबर १७७२ मध्यें त्यानें तीं पत्रें सभेचा अध्यक्ष टॉमस कुशिंग याच्याकडे रवाना केलीं. अट घातली कीं पत्रें छापूं नयेत, त्यांची नक्कल करूं नये, ठराविक मंडळींनींच तीं पाहावीं आणि मग परत करावीं.

हिशेब साफ चुकला. असला गठ्ठा झांकून ठेवावयाचा म्हणजे चुलींतला विस्तव पदरांत बांधण्यासारखें होतें. जून १७७३ मध्यें सॅम्युअल ॲडम्स यानें सभेचे दरवाजे बंद करून पत्रें वाचून दाखविलीं आणि थोड्याच दिवसांत तीं छापून गांवोगांव गेलीं. राग निवळण्याऐवजीं भडकला. हचिन्सन व ऑलिव्हर यांना पदावरून काढावें असा अर्ज सभेनें राजाकडे पाठविला आणि फ्रँकलिननें तो ऑगस्टमध्यें लॉर्ड डार्टमथच्या हवालीं केला.

इकडे लंडनमध्यें, पत्रें फोडलीं कोणी, याची चर्चा सुरू झाली. मयत व्हेटलीचा भाऊ विल्यम यानें जॉन टेंपल नांवाच्या गृहस्थावर संशय घेतला. प्रकरण विकोपास गेलें आणि डिसेंबर १७७३ मध्यें हाइड पार्कमध्यें दोघांचें द्वंद्वयुद्ध झालें. व्हेटली जखमी झाला. जखम बरी होतांच पुन्हा युद्ध होणार अशी बोलवा उठली. फ्रँकलिनला आतां गप्प राहणें अशक्य झालें. दोन निरपराध माणसें आपल्यापायीं एकमेकांच्या जिवावर उठावींत हें त्याला सोसेना. पत्रें आपणच मिळविलीं व आपणच बोस्टनला पाठविलीं, या दोघांचाहि त्यांत संबंध नाहीं, असें त्यानें नाताळच्या दिवशीं वर्तमानपत्रांतून जाहीर केलें. हें निवेदन करण्यास त्याला थोडा उशीर झाला, असा आक्षेप त्याच्यावर घेतां येईल. परंतु तें करतांना आपण आपल्या शत्रूंच्या हातांत कोलीत देत आहों हें तो जाणून होता.

त्या अर्जाची सुनावणी ११ जानेवारीस निघाली. प्रतिपक्षानें सॉलिसिटर जनरल अलेक्झांडर वेडरबर्न यासच उभें केलें आहे असें पाहून फ्रँकलिननें कायदेपंडित नेमण्यासाठीं मुदत मागितली आणि ती २९ तारखेपर्यंत मिळाली. पण याच मुदतींत एक बातमी लंडनला येऊन पोंचली. १६ डिसेंबर रोजीं बोस्टनच्या बंदरांत लोकांनीं तीन जहाजांवर चढून चहाच्या ३४२ पेट्या समुद्रांत फेंकल्या होत्या.

तो चहा होता आपल्या परिचयाच्या ईस्ट इंडिया कंपनीचा. चीनमधून आणलेला दीड कोटी पौंडांहून अधिक वजनाचा चहा कंपनीच्या लंडनमधील वखारींत पडून होता. इकडे बंगाल दुष्काळानें उद्ध्वस्त झालेला, तिकडे कंपनीचे नोकर गबर आणि कंपनी मात्र दिवाळखोरीच्या दारांत, अशी अवस्था होती. इ. स. १७७३ सालीं लॉर्ड नॉर्थच्या मंत्रिमंडळानें तिला चौदा लाख पौंडांचें कर्ज दिलें, तिच्यावर देखरेख ठेवण्यासाठीं रेग्युलेटिंग ॲक्ट केला आणि तिचा चहा अमेरिकेंत स्वस्त दरानें खपावा म्हणून वेगळा कायदा केला. एकाच वर्षींच्या या कायद्यांचीं दोन टोकें जगाच्या दोन बाजूंस जाऊन पोंचलीं. एकानें बोस्टनचें बंदर पेटविलें. दुसऱ्यानें मुंबईकर इंग्रजांवर कलकत्त्याचा अंमल बसविला. मुंबईकरांनीं राघोबादादांशीं केलेला सुरतेचा तह कलकत्तेकरांनीं नामंजूर केला, आणि त्यांतून झालेला पुरंदरचा तह मराठ्यांच्या इतिहासांत प्रसिद्धच आहे. पुण्याच्या कारभाऱ्यांना ज्या कंपनीशीं झगडावें लागलें, तिच्याच चहाच्या पेट्या बोस्टनच्या पाण्यांत तरंगत होत्या.

अशी ही पार्श्वभूमि. बैठकीस सुरुवात झाली. फ्रँकलिनच्या बाजूनें जॉन डनिंग व जॉन ली हे बोलले. डनिंगची प्रकृति बरी नव्हती. त्याचा आवाज जेमतेम ऐकूं येई. अर्ज हा फिर्याद नसून विनंति आहे. ज्या अधिकाऱ्यांवर लोकांचा विश्वास राहिला नाहीं त्यांना राजानें कृपावंत होऊन बदलावें एवढेंच मागणें आहे, अशी त्याची मांडणी होती. मग वेडरबर्न उठला. तो जवळजवळ तासभर बोलला, पण हचिन्सनविषयीं थोडें आणि फ्रँकलिनविषयीं फार. पुढ्यांतील मेजावर मुठी आपटीत तो शब्दांचे फटकारे ओढीत होता. खाजगी पत्रें चोरणाऱ्या या माणसास सभ्य समाजांत स्थान उरलें नाहीं. तो दिसतांच लोक आपलीं कागदपत्रें दडवतील आणि पेट्यांना कुलुपें घालतील. विद्वान म्हणविणें यापुढें त्याला कलंकच वाटेल, कारण लॅटिन भाषेंत तीन अक्षरांचा माणूस म्हणजे चोर! अशा एकेका वाक्यागणिक सरदारांत हंशा पिकत होता. रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली त्या गर्दींत होता. एकट्या लॉर्ड नॉर्थनें तेवढी सभ्यता राखली, असें त्यानें पुढें लिहून ठेवलें आहे. एडमंड बर्कहि तेथें हजर होता.

आणि फ्रँकलिन? तो उभा होता. संबंध तासभर त्याच्या चेहऱ्यावरची एक रेषाहि हलली नाहीं. भाषण संपल्यावर वेडरबर्ननें त्याची साक्ष घेण्याची इच्छा दर्शविली. आपल्याला साक्ष द्यावयाची नाहीं, असें त्यानें कायदेपंडितांकरवीं कळविलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं प्रीस्टली त्याला भेटला, तेव्हां तो म्हणाला कीं मन निर्मळ असल्याचें बळ किती असतें तें काल कळलें. पत्रें पाठविणें हें आपल्या आयुष्यांतील चांगल्या कृत्यांपैकीं एक होतें, अशी खात्री नसती तर तें सारें सोसलें नसतें.

निकाल त्याच दिवशीं ठरला. अर्ज निराधार, उपद्रवी व राजद्रोहाच्या हेतूनें केलेला आहे असें म्हणून कौन्सिलनें तो फेटाळला. दोनच दिवसांत टपालखात्यांतील जागेवरून काढल्याचें पत्र फ्रँकलिनच्या हातीं पडलें. ज्या खात्याला त्याच्या हाताखालीं प्रथमच नफा दिसूं लागला होता, त्या खात्याला आतां तो नकोसा झाला. स्वतःच्या मानहानीबद्दल त्यानें बोस्टनला फारसें लिहिलें नाहीं. त्यानें लिहिलें तें वेगळेंच. गाऱ्हाणें सरकारला इतकें अप्रिय झालें कीं तें पोंचविणारी नळीदेखील नकोशी व्हावी, तर मग साम्राज्यांत शांतता व एकी टिकणार कशी, हें आपल्याला समजत नाहीं, असें त्यानें कळविलें. संतापाच्या पन्नास पानांपेक्षां या एका वाक्यांत अधिक राजनीति आहे.

फ्रँकलिनची बाजू सर्वस्वीं निर्मळ होती असें मात्र म्हणतां येणार नाहीं. मेलेल्या माणसाला आलेलीं खाजगी पत्रें, मालकांच्या संमतीवांचून, परक्यांच्या हातीं देणें हें कोणत्याहि सभ्य मनाला खटकल्यावांचून राहणार नाहीं. त्याचें उत्तर असें, कीं तीं पत्रें सरकारी अधिकाऱ्यानें राजकीय माणसाला राजकीय हेतूनें लिहिलीं होतीं. त्यांत खाजगी असें कांहीं नव्हतें. या उत्तरांत तथ्य आहे, पण पुरतें समाधान नाहीं. तथापि कौन्सिलपुढें प्रश्न फ्रँकलिनच्या नीतीचा नव्हता. एका संबंध वसाहतीच्या निवडलेल्या सभेनें आपल्या गव्हर्नरवर विश्वास नाहीं असें कळविलें होतें. तें खरें कीं खोटें, आणि खरें असल्यास उपाय काय, एवढाच प्रश्न होता. त्याला उत्तर न देतां निरोप आणणाऱ्याला फटके मारण्यांत दुपार गेली. राज्यकर्त्यांची चूक झाली ती येथें. निरोप्या वाईट म्हणून निरोप खोटा ठरत नाहीं.

यापुढील घटना भराभर घडल्या. चहाची भरपाई होईपर्यंत बोस्टनचें बंदर बंद करणारा कायदा १ जून १७७४ पासून अंमलांत आला. मॅसॅच्युसेट्सची सनद बदलून सभेचे अधिकार कमी करण्यांत आले. त्याच दिवशीं हचिन्सन इंग्लंडला जाण्यासाठीं जहाजावर चढला आणि त्याच्या जागीं जनरल गेज हा सेनापति गव्हर्नर झाला. ज्याला काढण्याचा अर्ज तुच्छतेनें फेटाळला, तो चार महिन्यांच्या आंतच पदावरून दूर झाला होता. पण त्याच्या जागीं लोकांना मिळाली ती तलवार. इतक्यावरहि फ्रँकलिन परत गेला नाहीं. तो आणखी वर्षभर लंडनमध्यें राहिला. जाचक कायदे रद्द होत असतील तर समुद्रांत बुडालेल्या चहाची किंमत आपण पदरची भरण्याचा धोका पत्करतों, असेंहि त्यानें मध्यस्थांना सांगितलें. कंपनीचें नुकसान साडेनऊ हजार पौंडांहून अधिक होतें. एका छापखानेवाल्याच्या सगळ्या जन्माच्या कमाईला भगदाड पाडणारी ती रक्कम. १ फेब्रुवारी १७७५ रोजीं लॉर्ड चॅथमनें समेटाची योजना सरदारांच्या सभेंत मांडली, तेव्हां फ्रँकलिन तेथें उभा होता. ही योजना इंग्रजाची नव्हे, त्या तिकडे उभ्या असलेल्या अमेरिकनाची आहे, असें लॉर्ड सँडविच त्याच्याकडे पाहून म्हणाला. योजना ६१ विरुद्ध ३२ मतांनीं पडली. मार्चमध्यें फ्रँकलिन जहाजावर चढला. तिकडे त्याची पत्नी डेबोरा डिसेंबरांतच वारली होती. दहा वर्षांत तिची भेट झाली नव्हती. ५ मे रोजीं तो फिलाडेल्फियास उतरला, तेव्हां लेक्झिंग्टन येथें पहिली गोळी सुटून पंधरा दिवस उलटले होते. ४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याखालीं त्याची सही आहे.

या तंट्यानें घरेंहि फोडलीं. मुलगा विल्यम राजाच्या पक्षाला चिकटून राहिला. बापलेकांचें प्रेम पुन्हा पूर्वीसारखें कधींच जुळलें नाहीं. हचिन्सनला लंडनमध्यें राजानें भेट दिली, मानहि दिला; पण त्याचें चित्त मिल्टन येथील टेंकडीवरल्या आपल्या घराकडे लागलेलें असे. तें त्याला पुन्हा दिसलें नाहीं. इ. स. १७८० सालीं तो इंग्लंडांतच वारला. ज्या साम्राज्यासाठीं त्यानें आपल्या गांवाचा रोष ओढवून घेतला, त्याला त्याचा फारसा उपयोग उरला नव्हता.

६ फेब्रुवारी १७७८ रोजीं पॅरिसमध्यें फ्रान्स व अमेरिका यांच्या तहावर सह्या झाल्या. अमेरिकेच्या वतीनें सही करणाऱ्यांत फ्रँकलिन होता. त्या दिवशीं त्यानें जुना मखमलीचा पोशाख घातलेला पाहून कोणीतरी कारण विचारलें. याला थोडा सूड घेऊं द्यावयाचा आहे, असें तो हंसून म्हणाला. कॉकपिटमध्यें चार वर्षांपूर्वीं त्याच्या अंगांत होता तोच हा पोशाख. इतिहासाची गंमत अशी कीं ज्या वकिलाचा नेमणुकीचा कागद लंडनच्या मंत्र्यानें उघडूनहि पाहिला नव्हता, त्याच वकिलाशीं इ. स. १७८३ सालीं इंग्लंडच्या प्रतिनिधींना पॅरिसमध्यें बसून तहाचीं कलमें लिहावीं लागलीं.

महाराष्ट्राला या कथेचा एक भाग ओळखीचा वाटेल. इ. स. १८३९ सालीं साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह यांना कटाचे आरोप ठेवून कंपनीनें पदच्युत केलें. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते हे लंडनला गेले आणि इ. स. १८५३ पर्यंत तेथें राहून कंपनीच्या संचालकांचे व पार्लमेंटच्या सभासदांचे उंबरठे त्यांनीं झिजविले. महाराज इ. स. १८४७ सालीं काशीस वारले, पुढल्या वर्षीं साताऱ्याचें राज्यहि खालसा झालें, तरी हा स्वामिनिष्ठ पुरुष अर्ज करीतच राहिला आणि अखेर रिकाम्या हातानें परतला. फ्रँकलिन जिंकला व रंगो बापूजी हरले. दोघांच्या पाठीशीं असलेलें बळ निराळें, काळहि निराळा. परंतु दोघांचा अनुभव एकच. सत्ताधीशाच्या दारांत गाऱ्हाणें घेऊन जो उभा राहतो, तो वस्तुतः त्या सत्तेचा अखेरचा मित्र असतो. कारण न्याय मिळेल ही आशा त्यानें अद्याप सोडलेली नसते. त्याला हंसून घालविलें म्हणजे गाऱ्हाणें संपत नाहीं. तें दुसऱ्या वाटेनें परत येतें, आणि तेव्हां त्याच्या हातांत अर्ज नसतो.